थोरल्याचं सहावं झाड

मुलांनो, उजवा हात पुढे करा बघू. असा, तळवा वर करून. आता समजा, त्या तळव्यावर कुणीतरी एक टोमॅटो ठेवला आहे. बाजारातला नव्हे. बाजारातला कसा, लाल, गोल, भिंतीवर मारला तर उसळून परत हातात यायचा. हा तसला नाही. हा जड आहे. इतका, की हात जरा खालीच जातो. अंगभर चुण्या पडलेल्या, देठाजवळचे खांदे पिकले तरी हिरवेच, आणि खाली पोटाशी रंग असा, की लाल म्हणावा तर लाल नाही, गुलाबी म्हणावा तर गुलाबी नाही. ताप आलेल्या बाळाचा गाल असतो ना, तसा. एका बाजूला तडकलेला. त्या तड्यापाशी नाक न्या. आला वास? आला असेल तर छान. नसेल आला तरी बसून राहा, कारण ही गोष्ट त्या वासापायी एका मुलीने काय केलं त्याची आहे.

त्या मुलीच्या घरात या टोमॅटोला ‘थोरला’ म्हणत. घरातला थोरला मुलगा असतो तसा. दिसायला ओबडधोबड, वेळ लावणारा, पण घर त्याच्यावरच चाललेलं. मुलीला सगळे मुंगी म्हणत. वय नऊ. सदानकदा काहीतरी उचलून इकडचं तिकडे न्यायची, म्हणून मुंगी. तिची आई ती चार वर्षांची असताना छातीच्या दुखण्याने गेली. बाप कामासाठी लांब गेला तो तिकडचाच झाला. मग मावशी आली, आणि घर, दोन शेळ्या, मागचं परस आणि मुंगी, असं सगळं एकाच दिवशी तिच्या अंगावर पडलं.

“माय मरो पण मावशी जगो, म्हणतात ते खोटं नाही बाई,” असं बायका तिला तोंडावर म्हणत. मावशीला ती म्हण अजिबात आवडत नसे. “जगले, त्यात माझं काय कौतुक?” म्हणून ती घागर उचलून चालू लागे.

थोरल्याचं बी आई आणि मावशी या दोघी बहिणींना त्यांच्या आजीकडून आलेलं. गावात बाकी सगळे रोपवाल्याकडून तयार रोपं आणत. लवकर लागतात, भरपूर लागतात, टोपलीत आठ दिवस टिकतात. थोरला दोन दिवसांत पाणी सोडायचा. “तुझा थोरला म्हणजे जावई आहे,” सुतारकाकू हसायची. “आला की लगेच खायला घालावं, ठेवून घ्यायची सोय नाही.” पण तीच सुतारकाकू हंगामात कुंपणावरून हात पुढे करायची. “एक दे गं. नुसतं मीठ लावून खाते. भाजीत नाही घालत, पाप लागेल.”

मावशीने मुंगीला शिकवलं ते असं. रोप लावताना मानेपर्यंत पुरायचं, म्हणजे पुरलेल्या खोडालाही मुळं फुटतात. पाणी पायाला घालायचं, तोंडाला नाही. पानाच्या बगलेतली फूट खुडायची, नाहीतर झाड घरजावयासारखं नुसतं ऐसपैस पसरतं. आणि दुसऱ्या घोसातलं सगळ्यांत चांगलं फळ दिसलं की त्याला चिंधी बांधायची. चिंधी बांधलेलं फळ बियाण्याचं. मग पाहुणा येवो, दुखणं येवो, त्याला हात लावायचा नाही. ते पुरतं पिकलं की आतला गर पाण्यात तीन दिवस कुजत ठेवायचा, वर साय धरली आणि घरात घाण वास सुटला की धुवायचा, आणि बी ताटलीत सावलीला आठ दिवस वाळवायचं. नंतर बाटलीत.

आठ दिवस. गेल्या वर्षी पाचव्या दिवशी आभाळ भरून आलं, मावशी शेळ्यांमागे गेलेली होती, आणि मुंगीने ताटलीतलं बी चिमटीत घेऊन पाहिलं. कोरडं लागलं. मोठ्या हौसेने तिने ते बाटलीत भरलं, बूच घट्ट लावलं. हाताला कोरडं आणि बियाला कोरडं यांत फार अंतर असतं, पण ते तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. यंदा बाटली उघडली तर आत हिरवट बुरशीचा गोळा.

मावशी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती दाराशी उजेडात बसली आणि सुईच्या टोकाने त्या गोळ्यातून एकेक बी सुटं करत राहिली. एकोणीस निघाली. सहा उगवली. त्या सहा झाडांपलीकडे, निदान या दोघींना माहीत असलेल्या जगात, थोरला कुठेही उरला नव्हता.

झाडं मात्र नेटाने वाढली. कमरेला आली, काठ्यांना बांधली, पहिले घोस धरले. आणि नेमकं तेव्हाच आभाळ बसलं. पाऊस म्हणावा असा पाऊस नाही, ऊन म्हणावं असं ऊन नाही. सकाळी धुकं, दुपारी भुरभुर, संध्याकाळी पुन्हा धुकं. अंगावरचे कपडे वाळेनात. मीठ पाझरायला लागलं. असे नऊ दिवस. दहाव्या दिवशी गल्लीच्या टोकाला कुंभाराच्या परसात टोमॅटोच्या पानांवर तेलकट तपकिरी डाग दिसले. पान उलटलं तर खाली बारीक पांढरी लव. चौथ्या दिवशी कुंभाराची झाडं उकडलेल्या भाजीसारखी मान टाकून उभी.

शेतकीचा माणूस सायकलवरून आला. विहिरीपाशी सगळ्यांना गोळा करून म्हणाला, “करपा आहे. ही पांढरी लव वाऱ्यावर उडते. जिथे ओलं पान सापडेल तिथे बसते. औषधाची वेळ गेली. गल्लीतलं टोमॅटोचं प्रत्येक झाड उपटा आणि जाळा.”

“प्रत्येक?” सुतारकाका मागून म्हणाला.

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या, आणि लगेच खाली गेल्या. वर्षापूर्वी करवतीने त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली होती. रंधा धरता येईना, तेव्हा त्याने लाकडाचं अंगण साफ करून तिथे टोमॅटो लावले. ऐंशी झाडं. उशिरा लावलेली, म्हणून वरून प्लास्टिकचं छप्पर घातलेलं. त्या घराचं यंदाचं वर्ष त्या छपराखाली होतं.

शेतकीचा माणूस जाऊन ती पाहून आला. प्रत्येक झाडाची पानं उलटून पाहिली. “स्वच्छ आहेत,” तो म्हणाला. “छपरामुळे पानं कोरडी राहिली. ही राहू द्या. पण आजूबाजूला एकही आजारी झाड नको. एक झाड पुरे आहे, ऐकलंत का? एक.”

“माझी झाडं मी पाहीन!” शिंपीमामा ओरडला. शिंपीमामा एकटा राहायचा, भाड्याच्या खोलीत. साऱ्या गल्लीचे कपडे शिवायचा आणि साऱ्या गल्लीशी भांडायचा. “माझ्या परसात कुणी पाय ठेवला तर टाचून ठेवीन एकेकाला!”

“मामा, अहो सुताराकडे बघा.”

“बघतोय! तुमच्याआधीपासून बघतोय. उपटणार नाही म्हणालो का मी? माझं मी उपटीन, एवढंच म्हणालो. तुम्ही आधी आपली मापं घ्या!”

आणि उपटली त्याने. शिव्या देत, सगळ्यांच्या शेवटी, पण उपटली.

मावशीने दुसऱ्या दिवशी दुपारी सुरुवात केली. एक हात खोडाला, एक मुळाशी. झाड निघताना मुळांचा जो तटतट आवाज होतो तो तुम्ही ऐकला नसेल. नाही ऐकला तेच बरं. तिच्या झाडांवरही डाग आले होते. मुंगी एकेक झाड उचलून गल्लीच्या टोकाला, जिथे सगळ्यांचं जळत होतं, तिथे टाकून येत होती. पाच झाडं झाली.

“सहावं कुठे गं?”

“सकाळीच नेलं मी.”

“बरं,” मावशी म्हणाली, आणि हात धुवायला गेली. चिंधी बांधलेलं फळ त्या सहाव्यावर होतं. तिने एवढंही विचारलं नाही की चिंधीचं काय झालं.

सहावं झाड शेळ्यांच्या खोपटामागे होतं. खोपट आणि कुंपण यांच्यामध्ये एक हातभर बोळ आहे, तिथे. पहाटे उठून मुंगीने ते मातीच्या गोळ्यासकट फुटक्या बादलीत काढलं होतं. त्यावर एकही डाग नव्हता. तिने पानन् पान पाहिलं होतं, शेतकीच्या माणसाने पाहिलं तसं, उलटून. स्वच्छ झाड राहू द्या, असं तोच म्हणाला होता की नाही? मग झालं तर. फळ अजून लिंबाएवढं होतं, हिरवं. महिनाभर सांभाळायचं, पिकू द्यायचं. मग बी. आणि या खेपेला आठ दिवसांच्या जागी दहा दिवस वाळवायचं. बाटलीचं नुकसान भरून निघालं असतं, मावशीच्या हातात ताटली देता आली असती. यापलीकडे तिने विचार केला नव्हता. नऊ वर्षांच्या डोक्यात यापेक्षा जास्त मावतही नाही, आणि पन्नास वर्षांच्या डोक्यातही कधीकधी मावत नाही, ते पुढे दिसेलच.

पाचव्या दिवशी खालच्या पानावर डाग आला. मुंगीने पान खुडलं, शेणाच्या ढिगात पुरलं. सहाव्या दिवशी तीन पानं. सातव्या दिवशी तिने मोजायचं सोडून दिलं. रोज सकाळी शेळ्यांना चारा टाकायच्या मिषाने ती बोळात शिरायची, खुडायची, पुरायची. झाड खालून उघडं पडत गेलं, पण फळ वाढत होतं. लिंबाहून मोठं झालं, मुठीएवढं झालं, अंगावर चुण्या दिसू लागल्या. बोळातून सरसर वारा वाहायचा. कुंपणाच्या पलीकडे, पाचसहा पावलांवर, सुतारकाकाचं प्लास्टिकचं छप्पर त्या वाऱ्याने फडफडायचं. तो आवाज मुंगीला रोज ऐकू यायचा.

अठराव्या दिवशी सकाळी सुतारकाकूची किंकाळी ऐकू आली.

सगळी गल्ली धावली. काकू छपराखाली उभी होती आणि ओरडत होती, पण एक शब्द धड फुटत नव्हता. कुंपणाकडच्या दोन ओळी पुरत्या काळ्या पडल्या होत्या. पुढच्या ओळींवर डाग. पार शेवटच्या ओळीपर्यंत डाग. सुतारकाका जमिनीवर बसला होता. उरलेल्या दोन बोटांत एक पान धरून त्याची खालची बाजू पाहत होता, पुन्हा वरची, पुन्हा खालची.

“कुणाकडे तरी झाड राहिलंय,” कुंभार म्हणाला. “आपोआप नाही येत हे. एक पुरे, म्हणाला होता तो.”

“कुणाकडे राहणार? सगळ्यांनी सगळ्यांसमोर जाळली.”

“सगळ्यांनी?” काकूला आता शब्द फुटले. “तो टाचून ठेवणारा कुठाय? त्याच्या परसात कुणाला शिरू दिलं त्याने?”

बस्स. एवढंच लागलं. माणसं शिंपीमामाच्या दारात गेली. तो मशीनवर बसला होता, तोंडात दोरा. “काय आहे?” म्हणेपर्यंत चौघे मागच्या दाराने परसात शिरले सुद्धा. शेंगांचे वेल ओढून काढले. पाण्याचं पिंप पालथं केलं, त्याखाली काही लपवलंय का पाहायला. काही सापडलं नाही. काही सापडलं नाही, म्हणून ती माणसं जास्तच चिडली.

“कुठे लपवलंस, सांग!”

“उपटलं मी. तुमच्यासमोर.”

“आमच्यासमोर भांडलास तू. उपटताना कोण होतं?”

बायकांनी शिवायला टाकलेली कापडं परत मागितली. कुणाची बाही लागली होती, कुणाची नाही. ज्या त्या अवस्थेत ओढून नेली. घरमालक गर्दीतच होता. तो म्हणाला, “संध्याकाळपर्यंत खोली मोकळी कर. मला या गल्लीत राहायचंय.”

रोज पानावरून, पाण्यावरून, कोंबडीवरून भांडणारा माणूस त्या दिवशी भांडला नाही. गळ्यातली माप घ्यायची फीत तेवढी काढून त्याने तिची घडी केली, आणि पुन्हा उलगडली, आणि पुन्हा घडी केली. मुंगी दाराच्या चौकटीला धरून पाहत होती. तिचा शाळेचा झगा यानेच शिवला होता, वाढत्या अंगाचा, खाली चार बोटं दुमड ठेवून.

ती घरी आली तेव्हा मावशी चुलीपाशी होती.

“हात दाखव.”

“कशाला?”

“दाखव म्हणते ना.”

मुंगीने हात पुढे केले. बोटांच्या टोकांना, नखांच्या कडेला, हिरवट काळा राप बसला होता.

“शेळ्यांचं काम करत होते.”

“शेळीच्या कामाने हात मळतो. हिरवा होत नाही.” मावशीने ते हात नाकाशी नेले. टोमॅटोच्या पानाचा वास साबणाने जात नाही. “चल. दाखव कुठे आहे.”

तुम्हाला वाटलं असेल, आता मावशी तिला मारणार. मुंगीलाही तसंच वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर ती त्याची वाटच पाहत होती. ही तीच मावशी, शेजारच्या कोंबडीने आपल्या परसात घातलेलं अंडं उन्हातान्हात परत द्यायला जाणारी. मावशी बोळात शिरली. बादलीसमोर उकिडवी बसली. शेंड्याला उरलेली चारपाच पानं, खाली नुसतं खोड, आणि मध्ये ते फळ. तिने त्याखाली तळवा धरला. अगदी हळू दाबून पाहिलं.

“बी अजून दुधात आहे,” ती म्हणाली. “आत्ता काढलं तर फुकट. पंधरा दिवस लागतील.” मग म्हणाली, “टोपली घाल याच्यावर. दिसता कामा नये.”

“मावशी, शिंपीमामा...”

“ऐकलं मी.”

“त्यांना घालवतायत. संध्याकाळी.”

“शिंपी आहे तो. हातात कला आहे, कुठेही जाऊन पोट भरेल. सुईला काय, हेच गाव पाहिजे असं नसतं.”

“आणि सुतारकाका?”

“त्याची झाडं मेली ती मेली. तू जाऊन सांगितलंस म्हणून उठून उभी राहणार आहेत का?” मावशीचा आवाज चढला आणि तिने तो पुन्हा खाली आणला, कुंपणाकडे पाहत. “हे बघ. झालं ते वाईट झालं. मी पुढे त्याला मदत करीन. जन्मभर करीन. पण हे गेलं तर पुन्हा कुठून आणायचं? सांग. कुणाकडे आहे? माझ्या बहिणीचं एवढंच राहिलंय गं माझ्याकडे.”

“मी नाही का?” मुंगी म्हणाली.

मावशीने तोंड फिरवलं.

कुंपणापलीकडून गाडीचं चाक करकरलं. कुणीतरी हातगाडी आणली होती. पाठोपाठ शिवणाच्या मशीनचा लोखंडी पाय दगडावर आपटल्याचा आवाज आला, आणि घरमालकाचा, “सावकाश रे, माझी पायरी फुटेल.”

मुंगीने टोपली बाजूला ठेवली. बादलीला कडी नव्हती. तिने दोन्ही हातांनी ती पोटाशी धरली आणि उचलली. ओली माती जड असते. दोन पावलं गेली आणि तिला खाली ठेवावी लागली.

“मुंगे. ठेव ते.”

तिने पुन्हा उचलली.

“मुंगे, पंधरा दिवस फक्त. आईची शपथ आहे तुला.”

मावशीने हात पुढे केला. बोळ अरुंद, मुंगी तिच्या अगदी अंगावरून गेली. धरायचं म्हटलं तर सहज धरता आलं असतं. हात तसाच राहिला. मुंगी मागच्या परसातून चोरवाटेने गेली नाही. घरातून गेली, चुलीपासून, पुढच्या दारातून, भर उजेडात. गल्लीत माणसं होती. आधी एक बाजूला सरला, मग दुसरा. हातगाडीपर्यंत पोचेपर्यंत साऱ्या गल्लीत तिच्याच श्वासाचा आवाज होता.

तिने बादली हातगाडीच्या चाकाशी ठेवली.

“हे झाड मी लपवलं होतं,” ती म्हणाली. “शिंपीमामांनी नाही. आमच्या शेळ्यांच्या मागे होतं. माझ्याच झाडामुळे काकांची गेली.”

कुणी काही बोलायच्या आत तिने खोडाला दोन्ही हातांनी विळखा घातला, एक पाय बादलीच्या काठाला लावला आणि ओढलं. निघेना. मानेपर्यंत पुरलेलं, चांगलं रुजलेलं झाड ते. दुसऱ्यांदा ओढलं तेव्हा मातीसकट वर आलं आणि मुंगी मागे बसली. उठली. झाड खांद्यावर टाकलं. फळ तिच्या पाठीवर आपटत होतं. अशीच ती गर्दीतून गल्लीच्या टोकाशी, जुन्या राखेच्या खड्ड्यापाशी गेली आणि झाड आत टाकलं.

मग ती मागे वळली. सुतारकाकू तिच्या पाठोपाठ तिथवर आली होती. तिच्या चेहऱ्याकडे पाहायचा धीर मुंगीला होत नव्हता, म्हणून ती तिच्या पायांकडे पाहत म्हणाली,

“काकू, थोडं रॉकेल द्याल? आणि काडेपेटी. ओलं आहे, नुसतं पेटणार नाही.”